जुनी मैदानं ‘गेली ते बरं झालं’ म्हणणाऱ्या नवाभिडू यांना, जरा सविस्तर

चढउतार

परवा नवाभिडू यांनी लिहिलं की इकडची, म्हणजे उत्तर इंग्लंडमधली, रग्बी लीगची (रग्बीच्या तेरा खेळाडूंच्या प्रकाराची) जुनी मैदानं म्हणजे ‘पत्र्याच्या शेडी आणि मुतारीचा वास’, आणि त्यांच्या नावाने गळे काढणारे म्हणजे ‘सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उभे राहून रडणारे म्हातारे’. तिथेच प्रतिसाद द्यायला बसलो, तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

त्या म्हाताऱ्यांपैकी मी एक. पार्किंगही सांगून टाकतो: हॅलिफॅक्सचं ॲस्डा. १८८६ ते १९९८ तिथे थ्रम हॉल हे आमचं रग्बीचं मैदान होतं. मी दर आठवड्याला तिथूनच दूध-कोथिंबीर आणतो आणि रडत नाही. पण दुकानातली फरशी सपाट आहे, थ्रम हॉल सपाट नव्हतं. पाहुण्या संघाला तो उतार पायात भिनेपर्यंत अर्धा सामना संपलेला असायचा.

मी सोलापूरचा. १९८१ च्या जानेवारीत इथे ज्युनिअर डॉक्टर म्हणून आलो तेव्हा माझ्याकडे कोट एकच, तोही उसना. तिसऱ्या शनिवारी वॉर्डातला एक पोर्टर म्हणाला, चल. टेरेसवर, म्हणजे उभं राहून सामना बघायच्या पायऱ्यांवर, उभे राहिलो. खाली चिखल इतका की पंधरा मिनिटांत दोन्ही संघांच्या जर्सी एका रंगाच्या. त्याने हातात बोव्हरिलचा कप दिला. हा गोमांसाचा अर्क आहे हे मला तिसऱ्या कपाला कळलं. चौथाही प्यायलो.

मग बाहेरगावचे सामने. बस एम-६२ महामार्गाने पेनाईन्सचे डोंगर चढायची. दोन्ही बाजूंच्या वाहतुकीच्या मधोमध ते एकटं शेतघर दिसलं की कुणीतरी डबा उघडायचाच. ओल्डहॅमचं वॉटरशेडिंग्ज मैदान इतकं उंचावर की तिथला वारा स्वेटर मोजत नाही. माझ्या डब्यातली शेंगाचटणी पोर्टरच्या मेव्हण्याने मीट-पायवर (मांसाचं सारण भरलेल्या पेस्ट्रीवर) पसरली आणि पुढची सात वर्षं दर सामन्याला मागून घेतली. १९८६ ला आम्ही लीग जिंकलो, १९८७ ला वेम्ब्लीवर सेंट हेलन्सला १९-१८ ने हरवून चॅलेंज कप आणला. ‘आम्ही’ म्हणतोय, हो. तू कुठला, असं मला त्या टेरेसवर कुणीही विचारलं नाही.

आता स्टेडियमं रिंगरोडला असतात. आत बसलं की आपण वॉरिंग्टनला आहोत की कुठे, ते तिकीट बघून ठरवायचं.

नवाभिडू

काका, लिहिलंय झकास. मुद्दा मात्र माझा तिथेच उभा आहे.

११ मे १९८५. ब्रॅडफर्डचं व्हॅली परेड, तुमच्या घरापासून दहा मैलांच्या आत. फुटबॉलचं मैदान, पण स्टँड तुमच्याच लाडक्या जातकुळीतला: लाकडी, जुना, फळ्यांच्या फटीतून खाली साठलेला वर्षानुवर्षांचा कचरा. सामना चालू असताना आग लागली, ५६ माणसं गेली. त्यानंतर कायद्याचा बडगा आला, रग्बीवाल्यांच्याही लाकडी स्टँडांना टाळं लागलं आणि क्लबांना परवडेना, म्हणून मैदानं गेली. सुपरमार्केटने ती हिसकावून नाही घेतली.

दुसरं. मी २०१६ पासून लीड्सला. आई नाशिकहून आली होती, वय ६८. हौसेने एका जुन्या मैदानावर नेली, नाव नको. पायऱ्यांना कठडा नाही. बायकांचं स्वच्छतागृह पार दुसऱ्या टोकाला, तिथपर्यंत जायला गर्दीतून वाट नाही. मध्यंतरात माघारी फिरलो. आई बसमध्ये म्हणाली, ‘तू बघ रे सामना, मी घरी पोळ्या करते.’ तुमच्या आठवणीत उभे राहू शकणारेच लोक आहेत, बाकीचे आलेच नव्हते.

खातेवही

वास, चटणी, उतार सगळं बाजूला ठेवा आणि जमाखर्च बघा. स्विंटन क्लबने १९९२ ला आपलं स्टेशन रोड मैदान विकलं. एके काळी तिथे रग्बीचे कसोटी सामने होत. तेव्हापासून हा क्लब भाडेकरू, आज या गावात तर उद्या त्या. फेदरस्टोन केवढंसं गाव, पण पोस्ट ऑफिस रोडचं मैदान हातात होतं म्हणून इतकी वर्षं तग धरली. बापाचा वाडा विकून कर्ज फेडलं की पुढच्या पिढीला भाड्याची पावतीच.

आणि खरा घाव १९९५ चा आहे, त्यावर कुणी बोलत नाही. स्काय टीव्हीचे ८ कोटी ७० लाख पौंड दिसले आणि हिवाळी खेळ उन्हाळ्यात नेला. वर क्लब विलीन करायची टूम. कॅसलफर्ड, फेदरस्टोन आणि वेकफिल्ड मिळून एक संघ, नाव काय तर नदीवरून ‘कॅल्डर’! म्हणजे सांगली आणि कोल्हापूरचा एक संघ करा आणि त्याला ‘वारणा’ म्हणा. बघा कोण येतं तिकीट काढून. लोकांनी रान उठवलं तेव्हा विलीनीकरण बारगळलं. चिखल मात्र गेला तो गेलाच.

माई_विगनकर

चढउतार, ‘तू कुठला, असं कुणीही विचारलं नाही’ या तुमच्या वाक्यापाशी अडले. तुम्हाला कुणी विचारलं नाही, कारण तुम्ही ‘डॉक्टर’ होतात आणि शेजारी गावचा पोर्टर होता. मला विचारलं. ज्या शब्दांत विचारलं ते इथे लिहीत नाही.

१९८७, विगनचं सेंट्रल पार्क मैदान, लेक सहा वर्षांची. मागचा एक माणूस सुरू झाला आणि थांबेना. पुढे उभी असलेली साठीची बाई वळली. तिच्या हातात पाय-बार्म होता. (विगनवाले पावात पाय घालून खातात. हे मी पहिल्यांदा घरी पत्रात लिहिलं तेव्हा सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत.) तो शांतपणे लेकीच्या हातात दिला आणि त्या माणसाला असं काही सुनावलं की तो दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. पुढे ती बाई दर सामन्याला आमची जागा धरून ठेवायची.

गंमत अशी की तीच टेरेस बिली बॉस्टनला देव मानायची. कार्डिफचा काळा मुलगा, १९५३ ला विगनला आला, क्लबसाठी ४७८ ट्राय (फुटबॉलच्या गोलसारखं, चेंडू रेषेपार टेकवणं) केल्या. या खेळातला पहिला ‘सर’ व्हायला त्याला २०२५ पर्यंत थांबावं लागलं, हे वेगळंच. मागचा तो माणूसही बॉस्टनचं नाव घेऊन डोळे पुसणाऱ्यांतलाच असणार. तेव्हा टेरेस प्रेमळ होती असंही लिहू नका आणि नुसती मुतारी होती असंही लिहू नका.

५ सप्टेंबर १९९९ ला सेंट्रल पार्कवरचा शेवटचा सामना, सेंट हेलन्सला २८-२० ने हरवलं. लेकीने गवताचं ढेकूळ आईस्क्रीमच्या डब्यातून घरी आणलं आणि तुळशीशेजारी कुंडीत लावलं. तुळस त्या हिवाळ्यात गेली. गवत अजून आहे.

काठावरचा

पावात वडा घालणाऱ्यांच्या सुनेने पावात पाय घालणाऱ्यांची तक्रार करावी, हे भारी आहे.

बाकी आठवणींचं म्हणाल तर १९५४ ची कप फायनल वेम्ब्लीवर ४-४ अशी बरोबरीत सुटली, फेरसामना ब्रॅडफर्डच्या ओडसल मैदानावर. हॅलिफॅक्स विरुद्ध वॉरिंग्टन, प्रेक्षकांचा अधिकृत आकडा १,०२,५६९. मी ज्या ज्या पबमध्ये गेलो तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्याचा बाप त्या दिवशी ओडसलला होता. पैकी निम्मे कुंपण तोडून आत गेलेले. माझा घरमालक तर म्हणतो की तो स्वतः होता. त्याचा जन्म १९५६ चा आहे.

शिवाजीपार्की

सगळीच जुनी मैदानं गेली असं नाही हो. लीड्सचं हेडिंग्ले आहे की. रग्बी आणि क्रिकेट पाठीला पाठ लावून, मधे एकच स्टँड, एका बाजूने हे बघा, दुसऱ्या बाजूने ते. मी आत शिरलो की मला रग्बी दिसतच नाही, १९५२ दिसतं. इंग्लंडविरुद्धची कसोटी, भारताचा दुसरा डाव, शून्यावर चार! रॉय, गायकवाड, मंत्री, मांजरेकर. चौदा चेंडू. पहिलीच कसोटी खेळणाऱ्या ट्रूमनने तिघांना गारद केलं. चारांत तीन आपले मराठी. असा अपमान दुसऱ्या कुठल्या मैदानावर झालेला नाही.

काठावरचा

आलं. मराठी धाग्यात क्रिकेट किती प्रतिसादांनी येतं याची पैज लावली होती. मी हरलो, मी तीन म्हटलं होतं.

खातेवही

शून्यावर चार सगळ्यांना पाठ. पहिल्या डावात विजय मांजरेकरांनी त्याच मैदानावर १३३ केल्या आणि हजाऱ्यांबरोबर २२२ ची भागी केली, ते कुणाला आठवतं? मुलगा विशीचा होता. शतकाचं कौतुक नाही, भोपळ्याची जयंती.

शिवाजीपार्की

मला मांजरेकर शिकवू नका. पहिला डाव मला ठाऊक आहे. प्रश्न दुसऱ्या डावाचा आहे. वेगाला घाबरले, हे मान्य करायला काय जातं?

खातेवही

घाबरले हे तुम्ही कुठून पाहिलंत? दादरच्या कट्ट्यावरून? शून्यावर चार गेल्यावर आत आलेल्या हजाऱ्यांनी ५६ केल्या, फडकरांनी ६४. ते कुठल्या खात्यात मांडायचं?

शिवाजीपार्की

माझ्या वडिलांनी रेडिओवर ऐकलंय.

खातेवही

काठावरचा यांच्या घरमालकानेही ऐकलं असेल.

शिवाजीपार्की

वडिलांपर्यंत जायचं काम नाही. ही भाषा घरी वापरा.

माई_विगनकर

माधव मंत्री हे सुनील गावसकरांचे मामा. शून्यावर बाद झालेल्या माणसाच्या घरातूनच पुढे काय निघालं ते बघा आणि आता दोघेही पाणी प्या.

नवाभिडू

एक विचारू? तो हेडिंग्लेचा मधला स्टँड जुना नाहीये. जुना पाडून २०१९ मध्ये नवा उघडला. रग्बीच्या बाजूचा साउथ स्टँडही नवा बांधला, आणि तिथे आजही उभं राहून सामना बघता येतो. म्हणजे शिवाजीपार्की ज्या जागेवर १९५२ बघतात ती जागा माझ्या पोराहून लहान आहे. आईला पुढच्या वेळी तिथे नेलं. लिफ्ट होती. तिने पूर्ण सामना पाहिला आणि घरी आल्यावर विचारलं, ‘तो चेंडू मागेच का फेकतात?’

शिवाजीपार्की

स्टँड नवा असेल. खेळपट्टीची जागा तीच आहे.

चढउतार

धागा थ्रम हॉलचा होता. ट्रूमन यॉर्कशरचाच, म्हणून एक वेळ सोडून देतो.

नवाभिडू, ११ मे १९८५ च्या रात्री मी ड्यूटीवर होतो. त्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही. लाकडी स्टँडांचा तुझा मुद्दा मान्य, आणि तो मी मूळ लेखात टाळला हेही मान्य. तुझ्या आईबद्दल मात्र काय बोलावं सुचत नाही. आमच्या टेरेसवर बायका होत्या असं मी लिहिणार होतो. आठवायला बसलो तर चहाच्या खिडकीपलीकडच्या दोनच आठवल्या.

माई, पोर्टरशिवाय मी एकदाच गेलो होतो, वर्किंग्टनला. त्या दिवशी विचारलं होतं. विसरलो होतो म्हणणं खोटं ठरेल. लिहिलं नाही इतकंच.

तरी उताराचं मी मागे घेत नाही. आणि खातेवही यांचं वारणा मी आता आमच्या इथल्या लोकांना इंग्रजीत कसं समजावू, ते सांगा.

नवाभिडू

काका, ‘मुतारीचा वास’ मागे घेत नाही, ‘रडणारे म्हातारे’ मागे घेतो. अर्धा.

ओडसल अजून उभं आहे ना? जुन्या खाणीच्या खड्ड्यात गावाचा कचरा भरून केलेलं मैदान, खेळाडू गर्दीतून पायऱ्या उतरत खाली येतात, एवढं ऐकून आहे. एकदा बघायचंय. कौतुक करायला नव्हे, तपासायला.

चढउतार

आहे. कडेने स्टॉक कारचा ट्रॅक आहे, त्यामुळे खेळ आहे त्याहून लांब वाटतो, पाऊस मात्र जवळून लागतो. आई येणार असतील तर आधी सांग, खालपर्यंत उतरायला लावणार नाही, वरून सगळा खड्डा दिसतो. घडीची खुर्ची माझ्या गाडीत असते. चटणी आणतो.

नवाभिडू

आईने विचारलंय, चटणी लसणाची की बिनलसणाची.

खातेवही

तिकिटं कोण काढतंय ते आधी ठरवा.

शिवाजीपार्की

मी येतोय. फक्त खातेवही यांच्याशेजारी बसवू नका.