जुन्या, हाताने रंगवलेल्या पोर्सिलेनच्या दौती वगैरे जमवायच्यात, सुरुवात कशी करू?

शाईवेडी:
नमस्कार मंडळी, लिहायच्या टेबलावरच्या जुन्या पोर्सिलेनच्या वस्तू जमवायच्यात मला, म्हणजे दौती, टाक ठेवायचं तबक, टीपकागदाचा तो झुलता ठोकळा, छोट्या डब्या, आणि फक्त हाताने रंगवलेलंच हवंय, छापील नको. ऑनलाइन लिलावात एक सेट दिसलाय आणि त्यात जीव अडकलाय अगदी. एक तबक, झाकणाच्या दोन दौती आणि मधे एक डबी, सगळ्यावर फुलं आणि सोनेरी कडा, खाली निळ्या क्रॉस तलवारी. विकणारा म्हणतो १७६० च्या आसपासचं मायसेन, म्हणजे जर्मनीतल्या त्या पोर्सिलेन कारखान्याचं (तलवारी ही त्याचीच खूण), आणि डबी स्टॅम्पची. तलवारी आहेत म्हणजे खात्रीचं समजायचं का? आणि फोटोवरून हाताने रंगवलेलं कसं ओळखता तुम्ही लोक?

जुनीदौत:
ताई, थांबा, बोली लावू नका अजून. पोस्टाचं पहिलं चिकटवायचं तिकीट ब्रिटनमध्ये १८४० साली आलं, पेनी ब्लॅक. मग १७६० च्या सेटमध्ये स्टॅम्पची डबी कुठून येणार? एकतर ती डबी वेगळ्या कशाची तरी आहे, नाहीतर सेट बराच नंतरचा आहे.

मी नवीन माणसाला नेहमी हेच सांगतो की वस्तू उलटी करून शिक्का बघायच्या आधी ती कशासाठी बनवली ते बघा, कारण शिक्का कोणीही रंगवू शकतं पण ज्या कामाची गरजच नव्हती त्याची वस्तू कोणी बनवत नाही. सच्छिद्र झाकणाची डबी दिसली तर ती वाळूची, ओल्या शाईवर भुरभुरायची. टीपकागद घरोघरी पोचला तशी ती मागे पडत गेली, त्यामुळे दौतीसोबत मूळचीच वाळूची डबी असेल तर सेट जुन्या वळणाचा. दौतीच्या तोंडाभोवती भोकं असतील तर ती पिसाचे टाक उभे ठेवायला. स्टीलची निबं बर्मिंगहॅममध्ये १८२० च्या दशकापासून ढिगाने बनायला लागली आणि मग टाक आडवा ठेवायच्या खाचा असलेली तबकं जास्त दिसतात. सेटमध्येच छोटी मेणबत्तीदाणी असेल तर ती लाख वितळवायला, पत्रं सील करायची ना तेव्हा. आणि तुमचा तो टीपकागदाचा झुलता ठोकळा १९ व्या शतकातला प्रकार आहे, त्यावर कोणी १८ वं शतक लिहिलं असेल तर पुढे वाचूसुद्धा नका.

तलवारींचं म्हणाल तर मायसेनचा कारखाना १७१० चा, आणि तलवारी १७२० च्या दशकात सुरू झाल्या, आणि तेव्हापासून आजपर्यंत त्यांची नक्कल चालूच आहे. फ्रान्सच्या सेव्हर कारखान्याची एकमेकांत गुंतलेली दोन एल ची खूण तर त्याहून जास्त वेळा नकली निघते. पॅरिसच्या सॅमसन कंपनीने १८४५ पासून मायसेन, सेव्हर, चिनी सगळ्यांच्या कॉपी केल्या आणि इतक्या सुंदर केल्या की आता त्याही लोक आवडीने जमवतात. तलवारींवर आडव्या रेघा कोरलेल्या आहेत का तेही बघा, कारखान्याने दुय्यम दर्जाचा किंवा कोरा विकलेला माल असा खोडून बाहेर सोडलेला असतो, म्हणजे भांडं मायसेनचं पण रंगकाम बाहेरच्याचं असू शकतं.

भिंगवाला:
जुनीदौत यांच्याशी बहुतेक सहमत पण डबीबद्दल थोडं थांबा हो. तिकिटांच्या आधी वेफर नावाच्या पिठाच्या रंगीत चकत्या पत्र चिकटवायला वापरायचे आणि त्यांच्याही छोट्या डब्या असायच्या, विकणारे सर्रास त्यांना स्टॅम्पची डबी म्हणून टाकतात. नुसत्या नावावरून सेट बाद करू नका. डबीचा तळ बघा आतून. बोटाने तिकीट वर सरकवता यावं म्हणून स्टॅम्पच्या डबीचा तळ बऱ्याचदा उतरता किंवा गोलसर असतो, आणि दोनतीन कप्पे असतात. तळ सपाट आणि एकच कप्पा असेल तर वेफरची असू शकते.

हाताने रंगवलेलं ओळखायला दहापट भिंग घ्या, दुसरं काही लागत नाही. छापील चित्रात रंगाचे ठिपके नाहीतर एकसारख्या बारीक रेघा दिसतात, आणि तेच फूल दुसऱ्या दौतीवर हुबेहूब तसंच असतं. हाताच्या कामात फटकारा सुरू होतो तिथे रंग जाड, सुटतो तिथे पातळ, आणि दोन पाकळ्या कधी सारख्या येत नाहीत. एक गंमत म्हणजे मधला प्रकारही भरपूर आहे, बाह्यरेषा छापलेली आणि आत रंग हाताने भरलेला, त्यालाही लोक हाताने रंगवलेलं म्हणूनच विकतात, म्हणून पानाची कड आणि आतला रंग वेगवेगळा तपासा. ग्लेझवरचे, म्हणजे भांड्याच्या काचेसारख्या चकचकीत थरावरचे, रंग साधारण ७०० ते ८५० अंशाला पुन्हा भाजलेले असतात म्हणून बोट फिरवलं की किंचित उंचवटा लागतो. कोबाल्टचा निळा ग्लेझच्या खाली असतो, तो लागत नाही हाताला.

लिमोजवाली:
सुरुवात फ्रान्समधल्या लिमोज शहराच्या पोर्सिलेनपासून करा असं माझं मत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला तिथून कोरी पांढरी भांडी अमेरिकेत जायची आणि तिथल्या बायका घरी बसून ती रंगवायच्या, खाली स्वतःची सही आणि कधीकधी सालही टाकायच्या. तळाशी कारखान्याचा हिरवा शिक्का ग्लेझच्या खाली, आणि रंगकाम कारखान्यातच झालं असेल तर दुसरा शिक्का ग्लेझच्या वर. दुसरा नसेल तर बाहेरचं काम धरायचं. मला ही घरची कामं फार जवळची वाटतात, एखादीचा हात इतका तयार असतो की कारखान्याचा कारागीर मागे पडेल. जपानी आवडत असेल तर निप्पॉन लिहिलेलं साधारण १८९१ ते १९२१ मधलं, अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे देशाचं नाव लिहावं लागायचं, पुढे जपान लिहायला लागले. नकली शिक्के मात्र त्यातही आहेत.

शाईवेडी:
किती छान सांगितलंत सगळ्यांनी! परत जाऊन फोटो मोठा करून बघितला. डबीत तीन कप्पे आणि तळ चक्क उतरता आहे. तलवारींवर रेघा नाहीत दिसत. आणि एका दौतीच्या आत काळी बारीक रेघ आहे, विकणारा म्हणतो शाईचा डाग आहे, धुतला की जाईल.

जुनीदौत:
मग १८४० च्या नंतरचाच सेट, त्यात शंका नको. म्हणून वाईट मात्र नाही हं, १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या रंगशाळांमध्ये अशी फुलं फार सफाईने काढायचे. आवडला असेल तर जरूर घ्या, फक्त १९ व्या शतकाचा म्हणून घ्या आणि त्याच हिशोबाने बोली लावा.

भिंगवाला:
ती काळी रेघ डाग नाही, तडा आहे बहुतेक. चांगल्या भाजलेल्या पोर्सिलेनमध्ये शाई मुरत नाही, ती चिरेतच शिरते आणि वर्षानुवर्षं तिथे राहते, दौतीच्या बाबतीत हा एक फायदाच आहे कारण चीर लपत नाही. विकणाऱ्याला आतली शाईची वाटी बाहेर काढून फोटो मागा, बऱ्याच दौतींची वाटी हरवून दुसऱ्याच मापाची बसवलेली असते. झाकणं उलटी करून, आणि तळाच्या कड्याचा जवळून फोटो. खऱ्या वापराचे ओरखडे सगळ्या दिशांना जातात, पॉलिशपेपरने केलेले एकाच दिशेने.

लिमोजवाली:
आणि घेतलीत तर ती चीर ब्लीचने घासायला जाऊ नका प्लीज! ब्लीच चिरेत मुरतं आणि पुढे त्रास देतं. डिशवॉशर तर नाहीच. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, खाली टॉवेल अंथरून एकेक वस्तू, आणि सोन्याच्या कडेवर घासायचं नाही, ते सोनं अगदी पातळ असतं. आधी कुठे जोडलेलं असेल तर पाण्यात बुडवूही नका, जुना गोंद सुटतो. ते कळायला यूव्ही टॉर्च मारून बघा, नवीन रंग आणि गोंद बऱ्याचदा वेगळे चमकतात. त्या दौतीत शाई मात्र परत भरू नका, दुसरी धड असेल तर लिहायला ती वापरा.

शाईवेडी:
विकणाऱ्याला चारही फोटो मागितलेत आत्ताच. आले की इथेच टाकते, डबीच्या तळाचा सगळ्यात आधी.