बेडस्ट्रॉ : शेजगवत म्हणावं की गॅलियमच?

विचारणा (जुळे सोलापूर)
मुलीच्या वनस्पतिशास्त्राच्या टिपणांचं मराठी करतेय. त्यात 'सँड बेडस्ट्रॉ' आलंय, शास्त्रीय नाव गॅलियम अरेनेरियम. फ्रान्सचा अटलांटिक किनारा आणि उत्तर स्पेन इथल्या वाळूच्या टेकड्यांवर जमिनीलगत पसरणारी, पिवळ्या बारीक फुलांची रानवनस्पती. 'वाळूतला पेंढा' लिहिलं, पण पटत नाही.

अक्कलकोट रोड
पेंढा नकोच, ताई. पेंढा भाताचा. आपल्याकडे ज्वारीचा कडबा, गव्हाचं काड. सगळं कापणीनंतरचं, वाळलेलं. ही तर जिवंत वनस्पती. 'शेजगवत' चालेल?

विजापूर वेस
शेज गोड आहे, गवत मात्र चूक. गॅलियम रुबिएसी म्हणजे कदंब कुलातलं. कॉफी आणि मंजिष्ठा त्याच घरच्या. चौकोनी खोड, पेऱ्यापेऱ्याला सभोवार पानं, चार पाकळ्यांचं फूल. अंथरुणाचा संबंध गॅलियम व्हेरम या दुसऱ्या जातीशी आहे. ते वाळलं की कुमारिन या सुवासिक द्रव्यामुळे छान वास सुटतो, म्हणून युरोपात ते गाद्यांत भरत. पुढे इंग्रजीत सगळ्याच भावंडांना तेच नाव पडलं. शास्त्रीय नावात अंथरूण नाहीच. ग्रीक 'गाला' म्हणजे दूध. या वनस्पतीनं दूध फाडत असत. लॅटिन 'अरेना' म्हणजे वाळू. खेळाच्या रिंगणाला अरेना म्हणतात तेही रोमन लोक तिथं वाळू पसरत म्हणून. फ्रेंच नावाचा अर्थसुद्धा 'वाळूतलं गॅलियम' असाच होतो.

साखर पेठ
'वाळूमंजिष्ठ' कसं? आमच्या घरी सूत रंगवायचं काम होतं, म्हणून रंगाकडे लक्ष जातं. व्हेरमच्या मुळांतून मंजिष्ठेसारखाच लाल रंग निघतो. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर लोक ती मुळं इतकी खणत, की वाळू मोकळी होऊन जमीन उघडी पडू लागली आणि खणायला बंदी आली.

विजापूर वेस
माहिती मोलाची, नाव नको. मंजिष्ठा काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. नावावरून कुणी ही तीच समजलं, तर भलतंच पोटात जायचं.

विचारणा (जुळे सोलापूर)
मग असं लिहिते : 'किनाऱ्यावरच्या वाळूत पसरणारं गॅलियम'. पुढच्या उल्लेखांत 'वाळूतलं गॅलियम'.

अक्कलकोट रोड
उत्तम. शेजगवत मागे घेतो. पहिल्या उल्लेखाशी 'गॅलियम अरेनेरियम' पूर्ण लिहा, म्हणजे मुलीला पुस्तकात शोधता येईल.