फ्लॉपी दिलेलीच नाही म्हणजे व्हेनमचं टेन्शन नाही, हे बरोबर आहे का?

कटिंग_चहा:
मंडळी, फोर्टात एका सीए फर्ममध्ये सिस्टीमचं बघतो, म्हणजे प्रिंटरच्या कागदापासून सर्व्हरपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. आधीचा माणूस सोडून गेला तेव्हा एक जुना डबा मागे ठेवून गेला, सेंटओएस ६ (लिनक्स), त्यावर केव्हीएम, त्यात तीन व्हीएम, म्हणजे एकाच डब्यात चालणारे तीन नकली कॉम्प्युटर. एकात टॅली, एकात फाईल्स आणि तिसऱ्यात आर्टिकलशिपची पोरं काय करतात ते त्यांनाच माहीत, त्याचा अॅडमिन पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलाय (हसू नका). परवा एका क्लायंटकडून सिक्युरिटीची लिस्ट आली, त्यात सीव्हीई-२०१५-३४५६ (सिक्युरिटीच्या भोकाचा नंबर) व्हेनम लाल रंगात, क्यूएमूच्या फ्लॉपीच्या कोडमधलं भोक. एएमसीवाला म्हणतो फ्लॉपी आपण कुठल्याच व्हीएमला दिलेली नाही, विषय संपला. पण मी क्यूएमूचं (व्हीएमला नकली हार्डवेअर पुरवणारा प्रोग्राम) व्हर्जन बघितलं तर ०.१२ दाखवतंय, म्हणजे २०१५ च्या कितीतरी आधीचं, आणि झोप उडाली. खरंच काळजी करू की सोडून देऊ?

बिट_बाई:
एएमसीवाल्याला सांग, फ्लॉपी नसली तरी फ्लॉपीचा कंट्रोलर, म्हणजे ती चालवणारी नकली चिप, असतो. गंमत तीच होती या बगची. व्हर्च्युअल फ्लॉपी बंद केली तरी वेगळ्याच एका चुकीमुळे क्यूएमूमधला कंट्रोलरचा कोड चालूच राहायचा. आणि तो कोड २००४ पासून तसाच पडून होता, क्राउडस्ट्राइकच्या जेसन गेफनरने मे २०१५ मध्ये बाहेर काढला. झेन, केव्हीएम, व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या सगळ्यांनी तोच कोड घेतलेला म्हणून सगळेच अडकले, व्हीएमवेअर आणि हायपर-व्ही सुटले कारण त्यांचं नकली हार्डवेअर स्वतःचं.

आत काय होतं तर ५१२ बाइटचा एक बफर, म्हणजे डेटा ठेवायची तात्पुरती जागा. गेस्ट (व्हीएममधली सिस्टीम) पोर्टवर एकेक बाइट लिहितो, कंट्रोलर तो बफरमध्ये टाकतो आणि आकडा एकने वाढवतो, कमांड पूर्ण झाली की आकडा परत शून्य. दोन कमांड अशा होत्या, रीड आयडी आणि ड्राइव्ह स्पेसिफिकेशन, की तिथे हे शून्य करणं वेळेवर व्हायचंच नाही. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन पंप लावून झोपतो तसं, टाकी भरली तरी पाणी चालूच. फक्त इथे पाणी गच्चीवर नाही, होस्टवरच्या (म्हणजे खऱ्या डब्यावरच्या) क्यूएमू प्रोसेसच्या मेमरीत सांडतं. म्हणजे व्हीएममधून बाहेर. त्यासाठी गेस्टमध्ये रूट किंवा अॅडमिन लागतो, जो तू मॉनिटरवर चिकटवलायस 😄

परळचा_पेंग्विन:
बाई बरोबर बोलल्या, पण भावा ०.१२ बघून घाबरू नकोस. रेड हॅट (ज्यांच्या लिनक्सवरून सेंटओएस बनतं) व्हर्जन तेच ठेवतं आणि पॅच, म्हणजे दुरुस्ती, मागून आत टाकतं, तेच सेंटओएसमध्ये येतं. आरपीएमला (पॅकेज सांभाळणारी कमांड) क्यूएमू-केव्हीएमचा चेंजलॉग (बदलांची यादी) विचार आणि त्यात हा सीव्हीई नंबर शोध, असला तर पॅच आहे.

आता खरी मेख. पॅकेज अपडेट केलं म्हणून चालू असलेलं व्हीएम अपडेट होत नाही, ती प्रोसेस जुनाच कोड मेमरीत घेऊन बसलेली असते. गेस्टमध्ये रीस्टार्ट मारून पण काही होत नाही कारण क्यूएमूची प्रोसेस तीच राहते. पूर्ण शटडाऊन करून परत चालू करावं लागतं, नाहीतर पॅच असलेल्या होस्टवर लाइव्ह मायग्रेट, म्हणजे व्हीएम चालू असतानाच हलवायचं. प्रोसेस कधी सुरू झाली ती तारीख बघ आणि पॅकेज कधी टाकलं ती बघ, दोन्ही ताडून बघ. एसईलिनक्स (कुठल्या प्रोसेसने कशाला हात लावायचा ते बांधून ठेवणारी लिनक्सची सोय) चालू आहे का तेही बघ, चालू असेल तर फुटलेली प्रोसेस निदान बाकीच्या व्हीएमच्या डिस्कला हात लावू शकत नाही. आपल्याकडे इन्स्टॉल झाल्या झाल्या ते बंद करायची पद्धत आहे म्हणून विचारलं.

कटिंग_चहा:
बघितलं. चेंजलॉगमध्ये नंबर आहे, पॅकेज २०१७ चं. आणि तिन्ही प्रोसेसची तारीख १२ ऑक्टोबर २०२०!! आधी कळेना तेव्हा कोणी बंद केलं, मग ट्यूब पेटली, त्याच दिवशी ग्रीड फेल होऊन अख्ख्या मुंबईची लाईट गेली होती, यूपीएस संपला असणार आणि डबा आडवा. एसईलिनक्स अर्थातच बंद.

बिट_बाई:
म्हणजे तुझ्या ऑफिसचं मेंटेनन्स ग्रीडने केलं, एएमसीचे पैसे त्यांना दे. प्रोसेस पॅच आल्यानंतर सुरू झाल्यात, व्हेनमवर टिक मार. पण सेंटओएस ६ चे अपडेट ३० नोव्हेंबर २०२० लाच थांबलेत, त्यानंतर निघालेल्या भोकांना तिथे पॅच येणारच नाही, आणि क्यूएमूत भोकं निघतात ती बहुतेक अशाच डिव्हाइसच्या कोडमध्ये, नेटवर्क कार्ड, यूएसबी, सीडी. जे लागत नाही ते डिव्हाइस काढ, नवा होस्ट माग, आणि तो कागद आजच्या आज मॉनिटरवरून काढ.

कटिंग_चहा:
कागद काढला. सरांना नव्या होस्टचं बोललो तर म्हणाले, व्हेनम नाहीये ना मग, मार्च एंड होऊ दे. तीन पोरं आत्ताच येऊन पासवर्ड विचारून गेली.