उंट नाही, गाढवं!

ताईंनी विचारलंय, अल्जेरियाच्या सहारा वाळवंटातल्या तासिली पठाराच्या ट्रेकमध्ये सामान उंटांवर असतं ना? खालच्या जानेत गावाहून पठारावर चढताना नाही. तिथल्या खड्या, दगडी घाटात उंटांचं काही चालत नाही, तंबू-शिधा-पाणी गाढवांवर जातं. उंट खालच्या वाळूत. आणि वाटाड्याशिवाय जायची परवानगीच नाही, ते बरंच आहे. पठारावरच्या सेफार नावाच्या भागात दगडी सुळक्यांत गल्लीबोळांसारख्या वाटा आहेत, माणूस सहज हरवेल.

आता चहाबद्दल. तिथल्या तुआरेग या वाळवंटी लोकांकडे त्याच पत्तीचे तीन चहा होतात, पहिला कडू, मग साखर वाढत जाते. पहिल्यावर उठलात तर यजमानाचा अपमान! तागेला नावाची जाड भाकरी तापलेल्या वाळूत, निखाऱ्यांखाली भाजतात. वाळू झटकायची, तुकडे करायचे, रश्श्यात कुस्करायचे. (आपले रोडगे आठवतात की नाही?)

तोंड झाकतात ते पुरुष, बायका नाही. तो फेटा-बुरखा म्हणजे तागेलमुस्त, कित्येक मीटर लांब. निळीचा रंग कातडीला लागतो म्हणून 'निळे लोक' हे नाव पडलं.

एक कळकळीची विनंती: तासिलीच्या गुहांतल्या प्राचीन चित्रांवर फोटो उठावदार यावा म्हणून पाणी मारू नका. 1956 साली आलेल्या आंरी लोत यांच्या फ्रेंच मोहिमेत चित्रं नकलून घेताना ती ओली केली गेली आणि रंग फिके पडले. हजारो वर्षं टिकलेले रंग हो!

डिसेंबरात जात असाल तर जाड स्लीपिंग बॅग घ्याच. रात्री पाणी गोठतं.