पुंगळ्यांचे वजन जुळवल्याने १,००० यार्डांवरची अचूकता खरोखर वाढते का?

वाळवंटातला_पुणेकर

मी अ‍ॅरिझोनात फिनिक्सजवळ राहतो आणि बेन एव्हरी रेंजवर एफ-क्लासच्या (रायफल टेकवून, झोपून केलेल्या लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या) एफ-टीआर गटात .३०८ विंचेस्टर रायफलने नेमबाजी करतो. काडतुसे घरीच भरतो, म्हणजे उडवलेल्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) नवा प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), पावडर आणि गोळी बसवतो. गोळी, पावडर आणि प्रायमर नेहमी एकाच लॉटचे (एकत्र तयार झालेल्या खेपेचे) असतात, पावडरही प्रत्येक वेळी तोलूनच घालतो. पुंगळ्या मात्र दोन वेगवेगळ्या खरेदींतल्या आहेत आणि त्यांतल्या सर्वांत हलक्या व सर्वांत जड पुंगळीत सुमारे ५ ग्रेनचा (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) फरक भरतो. १०० यार्डांवर या सरमिसळ पुंगळ्यांचा ग्रुप (लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका) निवडक पुंगळ्यांइतकाच घट्ट पडतो, पण १,००० यार्डांवर गोळ्या वर-खाली पसरतात. आमच्या क्लबातले एक ज्येष्ठ नेमबाज म्हणतात की वजनाप्रमाणे पुंगळ्या निवडल्याशिवाय गत्यंतर नाही. दुसऱ्यांच्या मते तो निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. नेमके कोणाचे ऐकावे?

मोजपट्टी

दोघांचेही म्हणणे आपापल्या अंतरापुरते बरोबर आहे. १०० आणि २०० यार्डांवरच्या बेंचरेस्ट (रायफल मेजावर टेकवून मारण्याच्या) स्पर्धांत जगातले अत्यंत बारीक ग्रुप पडतात, आणि तिथले बरेच नेमबाज पावडर तोलतसुद्धा नाहीत, मापाने ओततात. कारण एवढ्या अंतरात गोळीच्या वेगातला थोडाफार फरक लक्ष्यावर उमटायला वेळच मिळत नाही. १,००० यार्डांवर गणित बदलते. १७५ ग्रेनची .३०८ गोळी सेकंदाला २,६०० फुटांच्या आसपास सुटत असेल, तर वेगातल्या अवघ्या १० फुटांच्या फरकाने ती लक्ष्यावर साधारण ३ ते ४ इंच वर किंवा खाली लागते. एफ-क्लासच्या लक्ष्यातले दहाचे वर्तुळ १० इंचांचे आणि त्याच्या आतल्या एक्सचे ५ इंचांचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे तुमचा उभा पसारा कुठून येऊ शकतो ते कळेल.

आता वजनाविषयी. वेगावर परिणाम होतो तो पुंगळीच्या आतल्या जागेचा. वजन हा त्या जागेचा केवळ अंदाज आहे. पितळ पाण्याच्या सुमारे साडेआठ पट जड असल्यामुळे, बाहेरचे माप सारखे असताना पुंगळी ५ ग्रेनने जड भरली, तर आतली जागा जेमतेम ०.६ ग्रेन पाण्याएवढी कमी होते. .३०८ मध्ये ५६ ग्रेनच्या आसपास पाणी मावते. म्हणजे फरक एक टक्क्याच्या थोडा वर गेला. तो अगदीच नगण्य नाही, पण हे जादा पितळ भिंतीत असेल तरच तो खरा. पुष्कळदा ते बुडाच्या कडेला किंवा एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या) खाचेपाशी असते, आणि तिथले पितळ आतल्या जागेला स्पर्शही करत नाही.

म्हणून तराजूवर विसंबण्यापूर्वी काही पुंगळ्या पाण्याने मोजून पाहा. आपल्याच रायफलच्या चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या पोकळीत) उडवलेली, अद्याप साइझ न केलेली (डाय या साच्यातून काढून पुन्हा मापात न आणलेली) पुंगळी घ्यावी, जुना प्रायमर तसाच राहू द्यावा, आधी ती कोरडी तोलावी आणि मग सिरिंजने पाणी थेंबाथेंबाने भरत न्यावे. पाण्याचा पृष्ठभाग तोंडाच्या कडेशी सपाट झाला की थांबावे; फुगवटा किंवा खळगा राहिला तर माप फसते, आणि भिंतीला चिकटलेले बुडबुडे पाण्यात साबणाचा अंश घातल्यास सुटतात. हलक्या आणि जड गटांतल्या पुंगळ्यांत पाणीही त्याच क्रमाने कमी-जास्त भरले, तर वजनाने निवड करणे तुमच्या बाबतीत सार्थ आहे. तसे झाले नाही, तर तराजू कपाटात ठेवलेला बरा.

जुना_पितळवाला

वरील विवेचन मान्य आहे, परंतु मी सुरुवात पुंगळीच्या मानेपासून (गोळी धरणाऱ्या तोंडाकडच्या अरुंद भागापासून) करीन. पुंगळीचे पितळ सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त यांचे असते, आणि प्रत्येक वेळी काडतूस उडवल्यावर व पुंगळी साइझ केल्यावर ते अधिक कडक होत जाते. दोन खरेदींतल्या पुंगळ्या वेगवेगळ्या वेळा उडवलेल्या असतील, तर त्यांच्या माना गोळीला सारख्या जोराने धरणार नाहीत. हे हातालाही कळते: गोळी बसवताना प्रेसची दांडी एका पुंगळीत लोण्यासारखी खाली जाते आणि पुढच्या पुंगळीत मध्येच अडखळते. अशी अडखळणारी काडतुसे मी बाजूला काढतो आणि केवळ नेमाची पहिली जुळणी करण्यासाठी वापरतो. मान व खांदा तापवून मऊ करणे, ज्याला आपण सगळे अ‍ॅनीलिंगच म्हणतो, यावरचा उपाय आहे. मात्र बुडाला आच लागता कामा नये, कारण दाब झेलण्यासाठी ते कडकच राहावे लागते.

मानेची जाडी बॉल मायक्रोमीटरने चारही बाजूंनी मोजावी. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ अशी मान असेल, तर गोळी बॅरलच्या अक्षाला किंचित तिरपी बसते. शिवाय अशा पुंगळीची खालची भिंतही बहुधा एकांगी असते, आणि ती वजनात मुळीच पकडली जात नाही. फ्लॅश होलच्या (प्रायमरची आग पावडरपर्यंत नेणाऱ्या छिद्राच्या) आतल्या बाजूला पंचिंगची कोर राहिली असेल तर ती एकदाच साफ करावी, पुन्हा त्याकडे पाहण्याचे कारण नाही.

एक गोष्ट अचूकतेची नव्हे, सुरक्षिततेची आहे. लष्करी ७.६२ च्या (.३०८ शी मिळत्याजुळत्या काडतुसाच्या) पुंगळ्या बहुधा जाड भिंतीच्या असतात. त्या तुमच्या ढिगात मिसळल्या, तर तेवढ्याच पावडरने दाब अधिक चढेल.

करवीरकर

आमच्याकडे हा प्रश्न निराळ्या रूपात येतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो, त्यामुळे घरी काडतुसे भरण्याचा छंद इथे रुजलेला नाही. शिवाय स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातील .२२ च्या पुंगळीत स्फोटक मसाला कडेतच असल्याने ती पुन्हा भरण्याजोगी नसते. दहाचे वर्तुळ तिथे केवळ १०.४ मिलिमीटरचे असल्याने सारखेपणाची निकड मात्र कमी नाही. पुंगळी निवडता येत नाही म्हणून नेमबाज लॉट निवडतात: बॅरल शिकंज्यात बसवून निरनिराळ्या लॉटची काडतुसे उडवायची आणि त्या बॅरलला मानवेल त्याच लॉटचा साठा घ्यायचा. काडतुसे बनवणाऱ्या एली आणि लापुआ या कंपन्यांची त्यासाठी चाचणी केंद्रे आहेत. एकाचा लाडका लॉट दुसऱ्याच्या बॅरलमध्ये पसरू शकतो.

वाळवंटातला_पुणेकर

मानेचा मुद्दा पटला. एका खरेदीतल्या पुंगळ्या खरोखरच जास्त वापरलेल्या आहेत. दोन्ही गटांची तुलना करताना पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप पुरेसे होतील का?

मोजपट्टी

पाच गोळ्यांत योगायोगच अधिक दिसतो. प्रत्येक गटाच्या निदान वीस तरी असू द्या. एक गट पूर्ण संपवून मग दुसरा घेऊ नका. एक गोळी या गटाची, एक त्या गटाची असे आलटून पालटून मारा, म्हणजे बॅरलचे तापणे आणि बदलता उजेड दोघांच्या वाट्याला सारखाच येईल. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) सोबत ठेवा आणि लक्ष्यावर फक्त उभे अंतर मोजा. ताशी एक मैल आडवा वारासुद्धा .३०८ ला १,००० यार्डांवर ९ ते १० इंच बाजूला नेतो, त्यामुळे आडव्या पसाऱ्यावरून पुंगळ्यांविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये. आणि हे सर्व दोन्ही गट अ‍ॅनील करून, एकाच डायमधून काढून, तोंडे एकाच लांबीला कापून झाल्यानंतर करा. त्यानंतरही वेगात फरक उरला, तर तो वजनाचा म्हणता येईल.