ॲडलेड ते डार्विन: आईवडिलांसह दहा दिवसांत गाडीने जमेल का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही ऑस्ट्रेलियात ॲडलेडला राहतो. येत्या जुलैत शाळेच्या सुट्टीत, साताऱ्याहून आलेल्या माझ्या आईवडिलांना घेऊन, स्टुअर्ट हायवेने थेट डार्विनपर्यंत जाण्याचा आमचा विचार आहे. अंतर सुमारे 3,000 किमी आणि हाताशी दहा दिवस आहेत. गाडी चालवणारे आम्ही दोघे आहोत. भाड्याची गाडी डार्विनला सोडून विमानाने परत येऊ. वडील 74 वर्षांचे आणि आई 69 वर्षांची आहे. प्रकृती तशी ठीक आहे, परंतु आईचे गुडघे दुखतात आणि तिला दोन तासांपेक्षा जास्त वेळ सलग बसवत नाही. उलुरूचा प्रचंड खडक आणि काकाडूचे राष्ट्रीय उद्यान दोन्ही बसवावेत, की काही सोडून द्यावे? वडिलांची सारी नोकरी तारखात्यात गेली. त्यांना या प्रवासात मनापासून रस वाटावा, अशी माझी फार इच्छा आहे.

स्पिनिफेक्स

मी चार वर्षे ॲलिस स्प्रिंग्सला होतो आणि हा रस्ता दोन्ही दिशांनी केला आहे. जुलै हा योग्य महिना आहे, कारण उत्तरेकडील पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो आणि त्या काळात नद्यांना पूर आले की रस्ते बंद पडतात. वाळवंटात मात्र जुलैच्या रात्री पारा शून्याखाली जातो, तेव्हा आईवडिलांचे स्वेटर आणि शाली सामानाच्या तळाशी ठेवू नका.

तुमच्या वडिलांना सांगा की हा रस्ता मुळात तारेचा रस्ता आहे. जॉन मॅकडूअल स्टुअर्ट यांनी 1862 साली दक्षिणेकडून उत्तर किनाऱ्यापर्यंत जी वाट शोधली, तिच्याच आधाराने पोर्ट ऑगस्टा ते डार्विन अशी तारेची लाइन टाकली गेली आणि 22 ऑगस्ट 1872 रोजी तिची दोन टोके फ्रू पाँड्स येथे जोडली गेली. डार्विनहून समुद्राखालची तार जावाला जात होती. तेथून पुढे सिंगापूर, हिंदुस्थान आणि लंडन. म्हणजे ज्या जाळ्यात तुमच्या वडिलांनी उमेदीची वर्षे घालवली, त्याचाच हा एक जुना धागा आहे. ॲलिस स्प्रिंग्सचे दगडी तार-ठाणे उत्तम जपलेले आहे. तेथे निदान अर्धा दिवस द्या. बॅरो क्रीक आणि टेनंट क्रीक येथेही जुनी ठाणी उभी आहेत, आणि फ्रू पाँड्सचे स्मारक डनमाराच्या दक्षिणेस हायवेजवळच आहे.

म्हणून माझे मत असे की या खेपेस उलुरू सोडा. हायवेवरच्या एर्लडुंडा फाट्याहून ते सुमारे 250 किमी आत आहे, म्हणजे जाऊन-येऊन 500 किमी आणि किमान दोन दिवस. तेवढी कपात बहुतेक लोक शेवटी उत्तरेत करतात आणि टेनंट क्रीकपासून डार्विनपर्यंत नुसते पळत सुटतात. खरे तर पाहण्यासारखा बदल तेथेच आहे: लाल माती आणि स्पिनिफेक्स गवताचे झुबके मागे पडतात, वारुळे माणसाच्या उंचीच्या वर जातात, झाडे दाट होतात, हवा ओलसर लागते आणि मातारांकाला पोहोचलात की झऱ्याकाठी ताडासारखी झाडे दिसू लागतात. हा बदल तासातासाने उलगडतो. तो उजेडातच पाहायला हवा.

दक्षिणवारा

उलुरूबद्दल मी सहमत नाही. तेथे विमानतळ आहे, म्हणजे पुढे कधी विमानानेही जाता येईल हे खरे, परंतु साताऱ्याहून आलेले आईवडील पुन्हा कधी येतील, याचा विचार करावा. मी काकाडू सोडले असते. बाकी मुद्द्यांशी सहमत आहे.

गाडीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. हायवे 1987 पासून पूर्ण डांबरी आहे, त्यामुळे साधी गाडी चालते. मात्र ग्लेनडॅम्बो ते कुबर पेडी या सुमारे 250 किमीच्या टप्प्यात एकही पंप नाही. अर्धी टाकी झाली की जेथे मिळेल तेथे भरून घ्यावी. स्टेपनीत हवा आहे का, हे निघण्यापूर्वी स्वतः पाहावे. गावे सोडली की मोबाइलला रेंज मिळत नाही, तेव्हा माणशी किमान पाच लिटर पाणी गाडीत असू द्या. संध्याकाळी पाचनंतर गाडी चालवू नका. कांगारू आणि मोकळी गुरे अंधारात रस्त्यावर येतात, आणि अनेक भाडेकरारांत गावाबाहेरच्या रात्रीच्या अपघाताला विमा लागू नसतो. रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, 53 मीटरपर्यंत लांब असते. समोरचा सरळ रस्ता लांबवर मोकळा दिसल्याखेरीज तिला मागे टाकायला जाऊ नये.

आईंच्या गुडघ्यांसाठी मातारांकाचे झरे जरूर ठेवा, पाणी सुमारे 34 अंश असते. इतरत्र मात्र फलक पोहण्यास परवानगी देत नसेल तर पाण्याच्या काठाशीही उभे राहू नये. उत्तरेत खाऱ्या पाण्यातल्या मगरी नद्यांतून बऱ्याच आतपर्यंत येतात.

आणखी एक विनंती. टेनंट क्रीकच्या अलीकडे कार्लू कार्लूच्या गोल शिळा लागतात. त्यांतील एक शिळा 1950 च्या दशकात उचलून दुर्गम भागात विमानाने डॉक्टर पोहोचवणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर सेवेचे संस्थापक जॉन फ्लिन यांच्या समाधीवर ठेवली गेली होती. ती तेथील आदिवासी स्त्रियांच्या पवित्र स्थळाची होती, आणि अनेक वर्षांच्या मागणीनंतर 1999 साली परत आणली गेली. मुलांना हे आधी सांगा, म्हणजे ती शिळांवर चढणार नाहीत.

कृष्णाकाठ

दोघांचेही आभार. मी सारे वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी नकाशा मागून घेतला आणि तारेची ठाणी पेन्सिलीने जोडत बसले. उलुरूचा निर्णय आम्ही आईवर सोपवला होता. ती म्हणाली, मोठा दगड चित्रात पाहिला आहे, गाडीत दोन दिवस कमी बसवा. तेव्हा उलुरू आणि काकाडू दोन्ही रद्द. मुक्काम असे ठरले: पोर्ट ऑगस्टा, कुबर पेडी, एर्लडुंडा, ॲलिस स्प्रिंग्सला दोन रात्री, टेनंट क्रीक, मातारांका, कॅथरीन आणि मग डार्विन. कॅथरीनला आंब्याच्या बागा आहेत असे आईने कोठेतरी ऐकले आहे. जुलैत तेथे काय दिसेल?

स्पिनिफेक्स

मोहर. तिकडे फळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, म्हणून जूनपासून ऑगस्टपर्यंत झाडे फुलतात. बागा खासगी आहेत, विचारल्याशिवाय आत शिरू नका; परंतु कॅथरीनच्या आसपास रस्त्यावरूनही दिसतात. सकाळी काच खाली करा, वास गाडीत येईल.