गुलाबाच्या बुडाशी काय लावावं?

परसबाग_फोंडा
नमस्कार. घरासमोर चिऱ्यांच्या कठड्याला लागून आमची गुलाबांची ओळ आहे. थोडे देशी, बाकी कलमी. मधली माती उघडीच राहते. मे महिन्यात ती तापून कडक होते आणि पाऊस लागला की तणाने भरते. काटे चुकवत तण काढणं सासूबाईंना आता झेपत नाही. नर्सरीवाल्याने पिवळ्या फुलांची वेडेलिया सुचवलीय, "एकदा लावा, मग बघायला नको" म्हणतो. लावू का? की आबोली लावू? देवाला आणि वेणीला रोज लागतेच.

कुळागर_सावईवेरे
वेडेलिया नको गं. आमच्या पाटाच्या कडेला कुणीतरी लावली होती, आता पाटच दिसत नाही. ऑफिस टाइम (पोर्तुलाका) लाव. ऊन सोसतं, उपटायलाही सोपं.

बागायत_डिचोली
ताई, वेडेलियाबद्दल वर सांगितलंय ते अगदी खरं. तिच्या पेरापेराला मुळं सुटतात, मातीत तुकडा राहिला तरी पुन्हा फुटते. जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत ती आहे. गुलाबाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात. शेणखत घालायला आळं उकराल तेव्हा हाताला वेडेलियाचीच जाळी लागेल.

आबोलीही तिथे नको. तिला सूत्रकृमी (मुळांना लागणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) फार लवकर धरतात आणि गुलाबालाही त्यांचा त्रास होतो. तिला तुळशीकडे वेगळा वाफा करून द्या.

परदेशी व्हिडिओंत गुलाबाखाली लव्हेंडर फुललेली दिसते. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. गुलाबाची पानं सलग सातेक तास ओली राहिली की काळ्या ठिपक्यांची बुरशी धरते. त्यात बुडाशी दाट हिरवं असलं की वारा खेळत नाही, आणि आफ्रिकन गोगलगायींना दिवसा लपायला आयती जागा मिळते. म्हणून माझं म्हणणं असं, की गोव्यात गुलाबाखाली झाडं लावायची ती दसऱ्यापासून मेपर्यंतच. पावसाळ्यात बूड मोकळं ठेवायचं.

पाऊस ओसरल्यावर छाटणी कराल, तेव्हाच मधल्या जागेत बुटकी रोजां (झेंडू) दाट लावा. दोन-तीन महिने दाट राहिली तर त्यांच्या मुळांतलं द्रव्य सूत्रकृमींना आवरतं. इथेतिथे चार रोपं लावून उपयोग नाही. ती संपली की उन्हाळ्याला ऑफिस टाइम, कठड्याच्या कडेने, जिथे गुलाबाचं पाणी थेट पोचत नाही.

एक मात्र कटाक्षाने पाळा. खोडाभोवती दीड-दोन विती काहीच नको. कलमाची गाठ (जिथे कलम खालच्या रानटी खोडाला जोडलेलं असतं) कायम दिसली पाहिजे. तिच्याखालून रानटी फुटवा येतो, सरळ, जोमदार, बहुतेक वेळा एका देठावर सात छोटी पानं असलेला. आच्छादनात तो दडून राहतो आणि कळेपर्यंत वरचं कलम दुबळं झालेलं असतं. पानं मोजून मात्र ठरवू नका, काही चांगल्या कलमांनाही सात असतात. माती बाजूला सारून बघा. गाठीखालून आला असेल तर कापू नका, मुळाशी धरून ओढून काढा.

पावसाळ्यात नारळाची सोडणं मांडा, पाठ वर करून. उताणी ठेवलीत तर पाणी साचून डास होतील. मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत, तणही दबतं. पण गळलेली ठिपक्यांची पानं आधी वेचून घ्या, बुरशी त्यांच्यातूनच परत वर चढते. पावसानंतर सोडणं उचलायची, नाहीतर वाळवी लागते.

परसबाग_फोंडा
काका, खूप आभार. सोडणं तर ढीगभर पडलीत. कठड्याच्या टोकाला फणसाची सावली आहे, अकरानंतर ऊन नाही. तिथे रोजां होतील का?

बागायत_डिचोली
नाही होणार, नुसती उंच वाढतील. आणि गुलाबाला स्वतःलाच पाच-सहा तास ऊन लागतं, तेव्हा तिथलं झाड छाटणीच्या वेळी मुळांसकट उन्हात हलवा. फणसाखाली एकपानी (मंडूकपर्णी) पसरू द्या, तिला ओल आणि अर्धी सावली आवडते. शेजारच्या गुलाबांवर औषध फवारत असाल तर तिची चटणी मात्र करू नका.